गायरानाचं कुरण करायचंय? आधी सातबारा, शेवटी कुदळ

गायरान राखायचं ठरलं की बहुतेक गावं पहिल्यांदा खड्डे काढतात. जूनमध्ये रोपं लागतात, फोटो निघतात, मार्चमध्ये वणवा येतो आणि माळ पुन्हा काळा. मग कोणीतरी म्हणतं, "सरकारी पैसा आणूया की!" आणि तेव्हा कळतं, प्रस्तावाला लागणारा एकही कागद गावाजवळ नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड या बाजूच्या फायली बघताना मला हेच दिसलंय. कामात चुका कमी होतात, क्रमात जास्त.

गवताळ माळाचं सगळं काही एकाच कायद्यात किंवा एकाच योजनेत सापडत नाही. जमीन महसूलची, राखण ग्रामपंचायतीची, मजुरी रोजगार हमीची, बियाणं पशुसंवर्धनाचं आणि शेजारी वन खात्याची हद्द, असा हा पाच दारांचा वाडा आहे. सप्टेंबरात सुरुवात केलीत तर प्रत्यक्ष कुदळ पुढच्या वर्षी लागेल, हे आधीच गावाला सांगून टाका.

## टप्पा १ : माळ नेमका कोणाचा, ते कागदावर बघा

सगळे म्हणतात "गायरान आहे". तेवढ्यावर विसंबू नका. तलाठ्याकडून (पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव अजून तलाठीच म्हणतं) पुढचे कागद घ्या:

- त्या गटाचा चालू सातबारा आणि जुने फेरफार
- गाव नमुना १-ब, म्हणजे सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनींची नोंदवही
- गाव नमुना १-इ, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही
- गावचा नकाशा आणि गटाचा नकाशा

सातबारावर कब्जेदार म्हणून सरकार आणि इतर हक्कात गुरचरणीची नोंद असेल, तर ते गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवतात. कलम २२-अ नुसार ती दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधनं आहेत. सार्वजनिक प्रकल्प असेल आणि दुसरी योग्य जमीन मिळत नसेल, तरच ती वाट उघडते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, आणि त्याच वर्षी जुलैत राज्य शासनाने गायरानांबाबत शासन निर्णय काढला. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ही कलमं, हा निकाल आणि हा शासन निर्णय, या तिन्हींचा उल्लेख असू द्या. फाईल वाचणाऱ्याचं काम हलकं होतं.

आपल्या जिल्ह्यात तीन ठिकाणी माणूस हमखास फसतो.

खाजगी वनाची नोंद. पश्चिमेकडच्या तालुक्यांत बऱ्याच सातबारांवर इतर हक्कात १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा असतो. तो असेल तर माळ दिसायला गायरान असला तरी वन खात्याला विचारल्याशिवाय काही करू नका. राखीव वनात परवानगीशिवाय चराई किंवा जाळ हा १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे.

देवस्थानची जमीन. माळ देवाच्या नावावर असेल तर ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. जमीन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या ताब्यातली असेल, तर त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. समितीचं कार्यालय कोल्हापुरातच आहे.

सौर प्रकल्प. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी, गायरानंसुद्धा, निवडल्या जातात. तुमचा गट त्या यादीत आहे का, हे तहसीलदार कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी "नाही हो" वर जाऊ नका.

> थांबा : १-इ मध्ये नावं दिसली म्हणून लगेच "अतिक्रमण हटाव"ची मागणी करू नका. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने ठरावीक काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची वहिवाट नियमित करायची तरतूद केली. अशी कुटुंबं असतील तर त्यांचं क्षेत्र बाजूला ठेवून उरलेल्या माळाचा प्रस्ताव करा. भांडण उभं राहिलं की फाईल कुठे अडकते, ते कोणालाच सापडत नाही.

धनगरवाड्याजवळचा माळ वनहद्दीत असेल तर वाट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली चराईचा आणि सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेची वनहक्क समिती तयार करते, मग तो उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जातो. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जुनी चराईची पावती, शाळेचा दाखला, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जे हाताशी लागेल ते आजच गोळा करा.

## टप्पा २ : हद्द मोजून घ्या

तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने करा. मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना, हे स्वतः बघा. एक जण जरी "मला कळवलंच नाही" म्हणाला, तरी वाद पुन्हा सुरू होतो. खुणांचे दगड लागले की त्याच दिवशी त्यांना चुना फासा आणि प्रत्येक दगडापाशी लगतच्या शेतकऱ्याला उभं करून फोटो घ्या.

तपासणी : सातबारावरचं क्षेत्र आणि मोजणीच्या नकाशावरचं क्षेत्र जुळतंय का? फरक असेल तर प्रस्तावात कमी असलेला आकडा धरा.

## टप्पा ३ : माळावर काय आहे ते मोजा

हा टप्पा सगळे गाळतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच.

सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, गवत निसवलेलं असताना शिवारफेरी काढा. सोबत गुरं राखणारा एक जण आणि गवत कापणाऱ्या दोन-तीन बायका हव्यातच. पवना कुठे, मारवेल कुठे, कुसळी कुठे, डोंगरी कुठे, हे त्यांना पायाखालच्या वाटेसारखं माहीत असतं. घाणेरी, रानमोडी आणि काँग्रेस गवत ही तणं किती पसरलीत, तेही नकाशावर रंगाने दाखवा.

मग चौकट टाका. चार काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. माळावर दहा वेगवेगळ्या जागी ती टाकून आतलं गवत जमिनीपासून चार बोटं वर कापा, उन्हात खडखडीत वाळवा आणि वजन करा. दहा वजनांची सरासरी ग्रॅममध्ये काढून तिला दहाने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात.

समजा, सरासरी १५० ग्रॅम आली. म्हणजे हेक्टरी १,५०० किलो वाळलं गवत. त्यातलं निम्मं माळाला ठेवायचं, म्हणून धरा ७५० किलो. बारा हेक्टरचं गायरान असेल तर ९,००० किलो. मध्यम जनावर दिवसाला साधारण ८ किलो सुका चारा खातं. गावात अशी ४० जनावरं चरायला जात असतील तर रोजचे ३२० किलो लागले. माळ पुरला २८ दिवस.

अठ्ठावीस दिवस! हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. "आमच्या गुरांचं गायरानावरच चालतंय" म्हणणारे गप्प होतात, कारण उरलेलं वर्ष गुरं उसाच्या वाड्यावर, कडब्यावर आणि विकतच्या पेंडीवर जगतात, हे त्यांना घरी माहीतच असतं. चराईबंदीची भीतीही इथेच कमी होते.

> सड्यांसाठी वेगळी सूचना : पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या भागात जांभ्या खडकावरचे सडे आहेत. पावसाळ्यात तिथे दवबिंदू, सीतेची आसवं, गेंद अशा बुटक्या फुलांचे ताटवे येतात. माती वीतभरही नसते. अशा सड्यावर बी पेरू नका, चर खोदू नका, खड्डे तर मुळीच काढू नका. तिथलं काम म्हणजे गाड्या, कचरा आणि वणवा थांबवणं, बस्स. सडा सरकारी जमिनीवर असेल तर वन्यजीव कायदा, १९७२ च्या कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव आणि खासगी किंवा सामूहिक जमिनीवर असेल तर ३६-क खाली समुदाय राखीव, अशा दोन वाटा आहेत. मसाई पठार संवर्धन राखीव आहेच.

ही सगळी माहिती ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ खाली ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती फक्त कागदावर असते आणि अध्यक्षालाच पत्ता नसतो. माळ उद्या कोणाला "पडीक" वाटला तर ही नोंदवही दाखवता येते.

## टप्पा ४ : आधी गुराख्यांशी बोला, मग ग्रामसभा

क्रम उलटा केलात तर ठराव होतो, राखण होत नाही. ज्यांची शेरडं-मेंढरं, म्हसरं माळावर जातात त्यांच्या घरी जा. दूध संस्थेची सभासद यादी घेतली की दुभती जनावरं कोणाकडे किती, ते कळतं. पण भाकड आणि शेळ्या त्या यादीत नसतात, आणि माळावर जास्त त्याच असतात. बाहेरून येणारे मेंढपाळ कोणत्या महिन्यात येतात, तेही विचारा. त्यांच्यासाठी वाट आणि पाणवठा सोडला नाही तर बंदी पहिल्याच वर्षी मोडते.

माळाचे तीन भाग करा. एका भागात पावसाळाभर चराई आणि कापणी दोन्ही बंद, बी गळेपर्यंत. दुसऱ्यात फक्त कापणी. तिसरा चराईला खुला. दर वर्षी भाग फिरवायचे. सगळा माळ एकदम बंद करायच्या फंदात पडू नका.

आता ठराव. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी, त्यापूर्वी महिलांची सभा, आणि गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांतली जी संख्या कमी ती. ठरावाची भाषा साधारण अशी असू द्या:

*"मौजे ____ येथील गट नं. ____ मधील ____ हेक्टर ____ आर गायरान क्षेत्रावर स्थानिक गवतांचे कुरण विकसित करणे, क्षेत्राचे तीन भाग करून आळीपाळीने चराई व कापणी नियंत्रित करणे, जाळरेषा काढणे व घाणेरी, रानमोडी काढणे यांस ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सदर क्षेत्रावर वृक्षलागवड प्रस्तावित नाही."*

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. आमच्या पहिल्या प्रस्तावात आम्ही "पडीक क्षेत्रावर वृक्षलागवड व चारा विकास" असं मोघम लिहिलं होतं. मंजुरी देणाऱ्यांनी त्यातलं पहिलं उचललं. ट्रॅक्टर भरून ग्लिरिसिडिया आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आली, पवन्याच्या चांगल्या पट्ट्यात खड्डे पडले. तिथे आज सावलीत रानमोडी आहे, गवत नाही. दोष आमच्या वाक्याचा होता. "पडीक" हा शब्द तर प्रस्तावात कुठेच येऊ देऊ नका.

तपासणी : ठरावावर सूचक आणि अनुमोदकाची नावं आहेत का? हजेरीवर सह्या पुरेशा आहेत का? प्रोसिडिंगची साक्षांकित प्रत त्याच आठवड्यात ताब्यात घ्या. ग्रामसेवकांची (पद आता ग्रामपंचायत अधिकारी) बदली झाली की ती मिळवायला महिने जातात.

## टप्पा ५ : कोणत्या कामाला कोणता पैसा

मजुरीची कामं : रोजगार हमी योजना (रोहयो). गायरान विकास आणि चारा लागवड ही नैसर्गिक साधनसंपत्तीच्या कामांत बसतात. घाणेरी काढणं, ठोंब (मुळांसकट गवताचे जुडगे) लावणं, उतारावर दगडी बांध, हे सगळं इथे. मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० पाळायचं असतं, म्हणून तारेचं कुंपण या अंदाजपत्रकात घुसवू नका. साहित्याचा खर्च फुगतो आणि अंदाजपत्रक परत येतं. रोजगार हमीचे नियम आणि नमुने बदलत असतात, तेव्हा अर्जाचा चालू नमुना पंचायत समितीच्या रोहयो कक्षातूनच घ्या, गेल्या वर्षीच्या झेरॉक्सवर भरू नका.

इथली खरी अडचण मजूर मिळण्याची आहे. २०२५-२६ साठी राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तेवढ्यात भातलावणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत आपल्याकडे कोण येणार? काम भाताच्या कापणीनंतर लावा आणि कामाची मागणी नमुना ४ वर आधीच भरून घ्या. पावती घ्यायला विसरू नका.

बियाणं आणि ठोंब : पशुसंवर्धन. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे वैरण विकासाची मागणी नोंदवा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून वनेतर, नापीक आणि चराऊ जमिनींवर चारा वाढवण्यासाठी राज्याला मदत आहे. प्रस्ताव राज्यामार्फत जातो, ग्रामपंचायतीने थेट अर्ज करायचा नसतो. याच अभियानात मुरघास, चारा विटा यांच्या उद्योगाला ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. ते यंत्र आणि शेडसाठी आहे. ते गायरानासाठी मिळतं असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

ग्रामपंचायतीचा स्वतःचा हिस्सा. मोजणी फी, हद्दीचे दगड, फलक हे वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून किंवा स्वनिधीतून बसवा, राखणदाराचं मानधन मात्र स्वनिधीतूनच. पण त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेलं हवं. आराखडा ठरताना हात वर केला नाही तर वर्ष गेलं.

पाणलोट. गाव केंद्राच्या पाणलोट प्रकल्पात असेल तर कुरण विकास तिथेच जोडा. कृषी सहाय्यकाला (पद आता सहायक कृषी अधिकारी) विचारलं की कळतं.

> इशारा : एकाच गटावर एकच काम दोन योजनांत दाखवू नका. घाणेरी काढणं रोहयोतून, बियाणं पशुसंवर्धनातून, असं काम फोडून लिहा. फोटोंवर जागेचे अक्षांश-रेखांश उमटतात. तोच फोटो दोन फायलींत सापडला तर वसुली लागते.

## टप्पा ६ : फाईल लावण्याचा क्रम

वरून खाली असं लावा: एक पानाचा सारांश, ठराव, सातबारा आणि १-ब, १-इ, मोजणीचा नकाशा, तीन भाग दाखवणारा नकाशा, चौकटींची वजनं, जनावरांची संख्या, अंदाजपत्रक, वन खात्याचं "आमच्या हद्दीत नाही" असं पत्र (हद्द लगत असेल तर), फोटो. तीन प्रती करा. एक पंचायत समितीला, एक ग्रामपंचायतीत, एक तुमच्या घरी, पत्र्याच्या पेटीत.

रोहयोच्या कामाला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता अशा दोन वेगळ्या सह्या लागतात. पहिली मिळाली की गावात पेढे वाटतात आणि दुसरीसाठी कोणी जातच नाही. कामाचा सांकेतांक हातात आल्याशिवाय एकही कुदळ मारू नका. आधी केलेल्या कामाची मजुरी निघत नाही.

## टप्पा ७ : माळावरचं काम

ऑक्टोबर-नोव्हेंबर. जमीन ओली असताना रानमोडी मुळासकट उपटा, ती फुलायच्या आत. घाणेरी नुसती तोडली तर दुप्पट फुटते. कुदळीने मातीखालचा बुंधा तोडून झुडूप उलटं करून ठेवा. त्याचा ढीग गवतावर जाळू नका.

कुसळीचा पट्टा कापायचा तर कुसळं कडक व्हायच्या आत कापा. उशीर झाला की ती जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत रुततात. पवना, मारवेल, डोंगरी यांचं बी राखलेल्या भागातून हाताने ओरबाडून गोळा करा आणि कापडी पिशवीत कोरड्या जागी टांगा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. ताजं बी नीट उगवत नाही. त्याला निदान पुढच्या जूनपर्यंत विसावा द्यावाच लागतो.

डिसेंबर-जानेवारी. जाळरेषा. हद्दीभोवती बैलगाडी जाईल एवढा, तीन-चार मीटरचा पट्टा गवत कापून साफ करा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, त्याआधी हे झालं पाहिजे. पट्टा जाळून काढायचा असेल आणि वनहद्द जवळ असेल तर वनरक्षकाला कळवून, त्याच्यासमोरच. "जुनं जाळलं की नवं गवत चांगलं येतं" असं म्हणणारे प्रत्येक गावात आहेत. त्यांना राखणीच्या पाळीत पहिलं नाव द्या.

जून-जुलै. चांगले दोन-तीन पाऊस झाले की उघड्या पडलेल्या जागीच मारवेलचे ठोंब लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले मारवेल ०६-४० ही जात त्यासाठी आहे. पवना-डोंगरीचं बी माती आणि शेणात घोळून फेका. नांगर नको, दाताळ्याने वरवर ओरखडे पुरेत. मुळात गवत आहे तिथे काहीही लावू नका, ते आपलं आपण दाट होतं. अडचण आलीच तर झाशीच्या भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र धारवाडला आहे. पुणे-बंगळूर महामार्गाने एका दिवसात जाऊन येता येतं.

गगनबावड्याचं वेळापत्रक शिरोळला लावू नका. पाऊस लवकर उघडतो तिथे कापणी आणि बी गोळा करणं पंधरा-वीस दिवस आधी येतं.

## टप्पा ८ : हिशोब आणि फेरमोजणी

हजेरीपट रोजच्या रोज, मोजमाप पुस्तिकेत शाखा अभियंत्याची नोंद आठवड्याला. ग्रामरोजगार सेवकाकडे याचा पाठपुरावा गावातल्या एकाच माणसाने करायचा, चौघांनी नाही. कापलेल्या गवताच्या भाऱ्यांची वही वेगळी ठेवा. कोणी किती भारे नेले, किती पैसे जमा झाले, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर महिन्याला लिहा.

तिसऱ्या वर्षी त्याच दहा जागी पुन्हा चौकट टाका. त्यासाठी पहिल्या वर्षीच तिथे दगड पुरून ठेवलेले असावेत. वजन वाढलं असेल तर चराईचे दिवस त्या हिशोबाने वाढवून ग्रामसभेत नवा ठराव करा. कमी झालं असेल तर आधी राखणीच्या पाळीची वही उघडून बघा, कोणत्या महिन्यात पानं कोरी आहेत ते.